ताईनं पत्रा ठोकायला घेतला

आमच्या वस्तीच्या वर, जंगल सुरू होतं तिथे, पैसे देऊन गप्प बसायची एक जागा होती. शहरातली माणसं गाड्या घेऊन यायची, मोबाईल फाटकापाशी जमा करायची आणि लाकडाच्या खोल्यांत तीन-चार दिवस राहायची. सकाळी सहाला झाडांखाली डोळे मिटून बसायचं, मग वाफ, मग तेलमालिश, मग झोप. पाटीवर भलंमोठं नाव होतं, पण आम्ही वस्तीतली माणसं त्या जागेला नुसतं 'वरचं' म्हणायचो. त्या वरच्यात मी चौदा वर्षं टॉवेल आणि चादरी धुतल्या. म्हणून हे मला सांगता येतं. यात माझाही एक वाटा आहे आणि तो काही चांगला नाही. तोही सांगणार आहे.

ही हकीकत मालकाच्या थोरल्या बहिणीची. तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा.

ताईचे वडील लाकूडतोडे. ते झाडाखाली सापडून गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि भाऊ सात वर्षांचा. आई आधीच गेलेली. जंगलाच्या कडेला थोडी जागा, एक झरा आणि एक खोपट, एवढं मागे राहिलं. ओंडके ओढून ओढून कंबर धरलेली माणसं वडिलांच्या ओळखीची होतीच. ताई त्या खोपटात दगड तापवायची, दगडांवर पाणी मारायची आणि वाफ घेऊन बाहेर आलेल्या माणसाची पाठ तेलानं चोळून द्यायची. तिच्या हाताला काय होतं कोण जाणे. बोटं पाठीवर टेकली की कुठली गाठ कधीची आहे ते सांगायची. एका ट्रकवाल्याला म्हणाली होती, "ही गाठ ओझ्याची नाही, भांडणाची आहे. घरी जा, मिटव आणि मग ये." तो खरंच बायकोशी मिटवून आठवड्यानं परत आला आणि गाठ तासाभरात सुटली. लग्नाचं कोणी विचारलं तर ताई म्हणायची, "पदरात एवढं मोठं पोर असताना मला कोण करून घेतंय?"

ते पोर तिनं त्याच हातांवर वाढवलं, शिकवलं, हॉटेलचा कोर्स करायला शहरात पाठवलं. तो परत आला तो बायको आणि नकाशे घेऊन. बारा खोल्या, वाफेची मोठी खोली, जेवणघर, चालायला पायवाटा. कर्जासाठी जागा त्याच्या नावावर हवी होती. ताई वकिलाकडे गेली आणि दाखवली तिथे सही करून आली. ओढ्यालगतचा खडकाचा एक तुकडा तेवढा तिच्या नावावर राहिला, कारण त्यावर गवतही उगवत नव्हतं आणि वकिलानं तो कागदात धरलाच नाही.

जागा चालली. ताई मालिश करायची आणि वाफेची खोली सांभाळायची. माहितीपत्रकावर फोटो होता तो तिच्या हातांचा. तोंडाचा नव्हता.

आता शिट्टीचं सांगते. वाफेचा बॉयलर माझ्या धुण्याच्या खोलीला लागूनच होता. त्याच्या डोक्यावर कुकरला असते तशी, पण मोठी शिट्टी होती. आत वाफ जास्त झाली की ती फुस्स करून सोडून द्यायची. आता शांततेसाठी लांबून आलेल्या माणसांना हे फुस्स आवडेना. दोघा-तिघांनी वहीत तक्रार लिहिली. एका दुपारी मी चादरी पिळत होते, तेव्हा मालक स्टूल घेऊन आला, पक्कड काढली आणि ती शिट्टी तारेनं आवळून बांधली. मी बघत होते. तोही मला बघत होता. म्हणाला, "आता कसं शांत झालं."

ताईनं त्याला तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी माझ्यासमोरच. "अरे, शिट्टी बांधून कोणी कुकर लावतं का? काढ ती तार."

"ताई, तू मालिशचं बघ. मशीनचं मी बघतो."

नऊ दिवस काही झालं नाही. दहाव्या दिवशी दुपारी वाफेच्या खोलीत एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. गुडघ्यांसाठी आल्या होत्या. बसायच्या फळीखालून नळी जायची, तिचा सांधा फुटला आणि सगळी वाफ आणि उकळतं पाणी बाईंच्या पायांवर आलं. ताई दारातच होती. तिनं आत उडी घेतली आणि बाईंना उचलून बाहेर आणलं. बाईंचे पाय गुडघ्याखाली सोलून निघाले. ताईचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. डॉक्टरची गाडी फाटकाबाहेर जायच्या आत शिट्टीवरची तार गेलेली होती. संध्याकाळी ती मला माझ्याच खोलीच्या मागे राखेत सापडली. मी ती राखेबरोबर उचलली आणि खड्ड्यात टाकली.

तिसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले. जेवणघरात टेबल लावून बसले. मालक म्हणाला, "साहेब, थोरली बहीण आहे. कसं सांगायचं... वय झालंय, विसरते. नळ जास्त उघडला गेला असणार." त्याची बायको, आमच्या मॅडम, शेजारी उभी होती. एरवी ती नणंदेला ताई म्हणायची, पण नड असली की तिच्या तोंडी 'वन्सं' यायचं. म्हणाली, "वन्संना आम्ही केव्हापासून सांगतोय, आता आराम करा. पण त्या ऐकतच नाहीत."

ताई हाताला पट्टी बांधून भिंतीला टेकून उभी होती. साहेबांनी तिला विचारलं तेव्हा तिनं तारेचं सांगितलं. साहेबांनी मालकाकडे बघितलं. मालकानं मान हलवली, दुःखानं हलवतात तशी. मग साहेबांनी मला बोलावलं. "तुम्ही बॉयलरच्या बाजूलाच काम करता. तार पाहिली का?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. नवरा तेव्हा अंथरुणाला खिळलेला, दोन मुली शिकत होत्या, घरात मिळवणारी मी एकटी. मी म्हणाले, "मी टॉवेल वाळत घालत होते साहेब. मला काही माहीत नाही."

कारण खरं होतं, पण बोलले ते खोटं होतं.

कागदावर लिहिलं गेलं की चूक ताईची. त्याच संध्याकाळी भाऊ तिच्या खोलीत गेला. मी धुतलेल्या चादरी ठेवायला ओसरीत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"ताई, आता खूप केलंस. आता तू आराम कर."

"आराम?"

"हो. कामाला हात लावायचा नाही. इथंच राहा, खा, पी, फिर. लोकांसमोर तेवढं येऊ नकोस. निदान काही दिवस."

ताईनं पट्टीची सुटलेली गाठ दातानं आवळली. मग म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंक उचलली आणि ओढ्यालगतच्या त्या खडकावर गेली. वडिलांचं जुनं खोपट उचकटून तिथे नेऊन उभं केलं होतं, सरपण ठेवायला. त्यात राहिली. मी भेटायला गेले. रडले, पाय धरले. ती म्हणाली, "उठा. तुमचं घर आहे, तुम्हाला बघायला हवं." बारा वर्षं ती मला 'अगं' म्हणत आली होती. त्या दिवसापासून 'अहो' झालं. शिवी दिली असती तर मी कधीच विसरले असते.

गोष्ट वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. ज्या लाकूडतोड्यांच्या बापांच्या पाठी तिनं मोकळ्या केल्या होत्या, ते चहाच्या टपरीवर म्हणू लागले, म्हातारपणी हात चुकायचाच. एक-दोघं आधी तिच्याकडे जायचे, तेही बंद झाले. लोकांना वाटलं ती कोर्टात जाईल, नाहीतर झुरून मरेल. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. रोज सकाळी आठच्या गाडीनं बाजारगावी जायची आणि पाचला परत यायची. कुठे जाते, कोणाला सांगितलं नाही. तीन महिने हे चाललं.

मग एक दिवस टेम्पो आला. त्यातून ऐरण उतरली, पत्रा कापायच्या दोन मोठ्या कात्र्या, पाच-सहा हातोड्या, सांध्यांना डाग देऊन ते जोडायची भट्टी, पत्र्यांची चवड. बाजारातला म्हातारा पत्रेवाला डोळ्यांनी अधू झाला होता, त्याला अवजारं विकायची होती. ताई तीन महिने त्याच्याच दुकानात बसून बादली कशी वळवायची, पन्हळ कशी दुमडायची, बुडाला डाग कसा द्यायचा ते शिकत होती. वयाच्या छपन्नाव्या वर्षी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता झाडांखाली तीसेक माणसं डोळे मिटून बसली होती. योगवाले सर खालच्या आवाजात सांगत होते की पानांचा आवाज ऐका, तुमच्या श्वासाचा आवाज ऐका. मी ओल्या टॉवेलांची टोपली घेऊन दोरीपाशी होते. खालून पहिला ठोका आला. ठण्. ओढ्याच्या खोऱ्यातून तो वर आला आणि समोरच्या कड्यावर आपटून दुसऱ्यांदा आला. तीस माणसांचे साठ डोळे एकदम उघडले.

तेव्हापासून ते रोजचं झालं. सहा ते नऊ, नंतर चार ते सात. बरोबर वरच्यातल्या बैठकीच्या आणि वाफेच्या वेळा. रात्री एकही ठोका नाही. पहिल्या आठवड्यात मालक बांधावर येऊन ओरडला, "हे काय लावलंयस?"

ताईनं हातोडा खाली ठेवला. "धंदा. तूच म्हणालास ना, कामाला हात लावू नको? तुझ्या कामाला नाही लावत."

"मुद्दाम करतेयस तू."

"हो," ताई म्हणाली आणि हातोडा उचलला.

मी पाचव्या दिवशी खाली गेले. तिच्या तळव्याला चिंधी बांधलेली होती, दोन बोटं कापली होती. मालिश करणाऱ्याच्या हाताला घट्टा चालत नाही, हे तिनंच मला कधीतरी सांगितलं होतं. नवीन मुलींना ती भांडीसुद्धा घासू द्यायची नाही. मी म्हणाले, "ताई, तुझे हात जातील."

"जाऊ द्या. त्या हातांचं नाव गेलंच आहे. नुसते हात राखून काय करू?" मग बादलीचा काठ दुमडत म्हणाली, "आणि तुम्ही इथं येत जाऊ नका. मालकानं बघितलं तर नोकरी जाईल."

त्यात टोमणा होता की काळजी, मला आजही सांगता येणार नाही.

वरच्यात उपाय सुरू झाले. आधी बांबूची भिंत घातली. ठोका भिंतीवरून आला. मग कारंजं बसवलं. मग बासरीची रेकॉर्ड लावली, तर बासरी आणि पत्रा मिळून जे काही व्हायचं ते ऐकून स्वयंपाकीणबाई म्हणाली, बँडवाल्यांची सुपारी घेऊ या आता. शेवटी योगवाल्या सरांनी तोड काढली. आवाजाशी भांडू नका, त्याचा स्वीकार करा, प्रत्येक ठोक्याबरोबर एक श्वास सोडा. ताई अगदी तालात ठोकायची, त्यामुळे ते जमायलाही लागलं. काहींना छान झोप लागायची. मालक आठवडाभर खुशीत होता.

मग माळीबुवा झारी घ्यायला ताईकडे गेले आणि भोळेपणानं सांगून बसले, "ताई, तुमच्या ठोक्यांवर लोक ध्यान लावतात म्हणे आता. चांगलं लागतं."

"असं?" ताई म्हणाली. झारीला तिनं तोटी जास्तीची लावून दिली.

दुसऱ्या सकाळपासून ताल मोडला. एक ठण्. मग तीन लागोपाठ. मग काहीच नाही, इतका वेळ की माणसाला वाटावं संपलं. मग एक. ठोक्यापेक्षा तो मधला खंड वाईट होता. पुढचा कधी येतोय याची वाट बघत माणसं खांदे आखडून, जबडा आवळून बसायची. मालिश करणाऱ्या मुली म्हणायला लागल्या, येताना बरे असतात, इथे आल्यावर पाठी लाकूड होतात.

मालकानं तक्रार केली. आवाजाच्या तक्रारींचे साहेब आले, ताईचा परवाना बघितला, वेळा बघितल्या. दिवसा, स्वतःच्या जागेत, परवान्याचा धंदा. त्यांना काही लिहिण्याजोगं सापडेना. जाताना त्यांनी दोन बादल्या घेतल्या. खरं सांगायचं तर ताईचा माल चांगला होता. तिच्या पन्हळी गळायच्या नाहीत. गावोगावची माणसं यायला लागली. आणि वरच्यात एकेक खोली रिकामी व्हायला लागली. टपरीवरचे तेच लाकूडतोडे आता म्हणायचे, "खाली ठणठण, वर ठणठण गोपाळ." ताईच्या कानावर हे गेलं तेव्हा मी तिला वर्षभरात पहिल्यांदा हसताना बघितलं.

दुसऱ्यांदा भाऊ आला तो बायकोला घेऊन. मॅडम खडकावर ओढणी पसरून बसल्या. "वन्सं, झालं गेलं विसरून जाऊ. तुम्ही घरी चला. हा तुकडा आम्ही चांगल्या भावानं घेतो, तुम्हाला वरती झऱ्याकडची खोली देतो."

"त्या साहेबांना काय सांगितलंत तुम्ही?" ताईनं विचारलं.

"आता तो विषय कशाला?"

"मग बादली हवी असेल तर दाखवते. नसेल तर मला काम आहे."

तिसऱ्यांदा भाऊ एकटाच आला. तोवर दुसरं वर्ष संपत आलं होतं. अर्ध्या लोकांना कामावरून कमी केलं होतं. तो खाली दगडावर बसला, लहानपणी बसायचा तसा गुडघे पोटाशी घेऊन. मी ओढ्यावर होते. वरचा पंप बिघडला होता आणि दुरुस्त करायला कोणी येत नव्हतं, म्हणून चादरी ओढ्यावर धुवायची वेळ आली होती. आमच्यात वीस पावलांचं अंतर असेल.

"ताई, तुला नक्की हवंय काय?"

"तू बोललास ते जिथे बोललास तिथे मागे घे. जेवणघरात. लोकांसमोर. आणि त्या बाईंसमोर."

"त्या कशाला येतील? त्यांनी तर तुझ्या नावानं... जाऊ दे. आणि मी कबूल केलं तर परवाना जाईल माझा."

"जाईल."

"मी तुझा भाऊ आहे गं. तूच वाढवलंस मला."

"म्हणून तर," ताई म्हणाली. तिनं पत्रा पुढे ओढला. तो उठला आणि गेला.

आता माझा दुसरा वाटा. त्या महिन्यात मालकानं मला सांगितलं की पुढच्या महिन्यापासून येऊ नका. नोकरी जाणार हे पक्कं झाल्यावर मला हिंमत आली. याचा मी काही टेंभा मिरवत नाही. त्या शिक्षिकाबाईंचे कपडे मागे राहिले होते, ते धुऊन मीच पार्सल केले होते, त्यामुळे पत्ता माझ्याकडे होता. मी पत्र लिहिलं. तार कोणी बांधली, कधी बांधली, ताई किती वेळा काय म्हणाली, मी साहेबांना काय सांगितलं, तार कुठे टाकली. सगळं.

बाराव्या दिवशी एक टॅक्सी आली ती वर न जाता सरळ ओढ्याकडे गेली. बाई काठी टेकत उतरल्या. ताईनं हातोडा थांबवला.

"दोन वर्षं ज्या बाईला मी रोज मलम लावताना शिव्या दिल्या, ती तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"मीच."

"आणि मला उचलून बाहेर आणणारीही तुम्हीच. हे मला कोणी सांगितलंच नाही. त्या माणसानं मला फुलं पाठवली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं, बहिणीच्या वतीनं क्षमस्व." बाईंनी काठी वरच्या वाटेकडे केली. "चला वर."

जेवणघरात तेव्हा सकाळचा चहा चालला होता. अकरा पाहुणे उरले होते, सगळे पांढऱ्या झग्यांत. ते झगे मीच धुतलेले. बाई मधल्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी साडी वीतभर वर केली. पायांची कातडी वितळलेल्या मेणासारखी झाली होती. कोणीतरी कप खाली ठेवला. ताई दाराशी उभी राहिली आणि मी तिच्या मागे. मालकाला बोलावलं. तो आला, बाईंना बघितलं, मला बघितलं, आणि त्याला कळलं.

"बोला," बाई म्हणाल्या.

मालकानं घसा साफ केला. "झालं असं की, शिट्टीचा आवाज व्हायचा. पाहुण्यांना त्रास होत होता. म्हणून ती बांधली गेली. त्यात थोडं दुर्लक्ष झालं आणि..."

"थांबा. मी अडतीस वर्षं व्याकरण शिकवलं आहे. 'बांधली गेली'. कर्ता कुठे आहे या वाक्यात?"

मालकानं टेबलाची कड धरली.

"कोणी बांधली?"

"म्हणजे, त्या वेळी परिस्थिती अशी होती की..."

"परिस्थितीला हात नसतात. कोणी बांधली? पूर्ण वाक्य. कर्त्यासकट."

कोपऱ्यातल्या एका पाहुण्यानं खाली मान घातली, वर्गात दुसऱ्याला उठवल्यावर मुलं घालतात तशी. मालकाचा चेहरा लाल झाला होता. त्यानं बायकोकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"मी बांधली," तो म्हणाला.

"पुढे."

"ताईनं मला तीनदा सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. साहेबांना मी खोटं सांगितलं."

"दुर्लक्ष झालं?"

"मी दुर्लक्ष केलं."

"बसा," बाई म्हणाल्या. सवयीनं म्हणाल्या असतील. तो खरंच बसला.

मला वाटलं आता ताई रडेल, किंवा भाऊ तिच्या पायाशी येईल आणि ती त्याला उठवेल. ती दारातून वळली आणि पायवाटेनं खाली गेली. बाईंनी तिथेच बसून एक अर्ज लिहिला आणि त्यावर माझी आणि दोन पाहुण्यांची सही घेतली. महिन्याभरात वाफेच्या खोलीला सील लागलं आणि जुन्या कागदावरची चूक नव्या कागदानं खोडली गेली. टपरीवरच्या लोकांनाही कळलं. दोघं-तिघं ताईकडे जाऊन आले, चुकलं म्हणाले. तिनं त्यांना चहा दिला.

पण हे पुढचं. त्या जेवणघरातल्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी वरच्यात होते, माझे शेवटचे काही दिवस उरले होते. उरलेले पाहुणे झाडांखाली बसले. आज सगळ्यांची खात्री होती की शांतता असणार. बरोबर सहाला ठोका आला. मी टोपली ठेवली आणि खाली पळाले.

"ताई, तो बोलला की सगळं. अजून का?"

ती पत्र्यावर खिळ्यानं रेघ मारत होती. "बोलला ते चांगलं केलं. पण दोन वर्षं सगळ्या गावात मी खोटी होते. तेवढी वर्षं ठोकायचं मी ठरवलंय. त्यातले काही महिने अजून राहिलेत."

"तो बुडेल."

"पोहता येतं त्याला. मीच शिकवलंय." मग वर न बघता म्हणाली, "अहो, तो पत्रा जरा त्या टोकाला धरा."

मी धरला. तिनं ठोका घातला तेव्हा माझ्या कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. चौदा वर्षं मालकाच्या पाहुण्यांची झोप मोडू नये म्हणून मी दोरीला चिमटेसुद्धा आवाज न करता लावले होते.

आठ महिन्यांत वरचं बंद झालं. वाफ नाही, शांतता नाही, मग लोक येणार कशाला? जागा कुठल्याशा रोपवाटिकेनं घेतली. भावाला शहरात एका हॉटेलच्या कचेरीत नोकरी लागली. सामान भरलेला ट्रक ओढ्याच्या रस्त्यानं निघाला त्या दिवशी मी ताईकडेच होते. वरचं सुटल्यापासून मी बाजारगावच्या इस्पितळात चादरी धुते, आणि सुट्टीच्या दिवशी पत्रे धरायला जाते. मॅडम ट्रकच्या पुढे गाडीत बसून राहिल्या. भाऊ उतरून खोपटाच्या दारात आला.

"निघतो ताई."

ताई बादलीच्या बुडाला डाग देत होती. डाग देताना मधेच हात उचलला तर सांधा बिघडतो, हे खरं आहे. पण तो डाग तिनं फार सावकाश दिला.

"सावकाश जा," ती म्हणाली.

तो थोडा वेळ उभा राहिला. आणखी काही येईल असं त्याला वाटलं असावं. मग गेला. गाडी, मागून ट्रक, दोन्ही वळणाआड होईपर्यंत ताईनं मान वर केली नाही. मग भट्टी विझवली, हात धुतले आणि जेवायला बसली. मला वाटत होतं घास उतरणार नाही तिच्या घशाखाली. ती दोनदा वाढून घेऊन जेवली. ताट घासलं, पालथं घातलं आणि चटई अंथरली.

"अहो, जरा बाहेर बसता का? कोणी आलं तर उद्या या म्हणावं."

ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि मी दार लोटून बाहेर येईपर्यंत घोरायला लागली होती. चारच्या सुमाराला एक माणूस पन्हळीचं माप घेऊन आला. मी त्याला सांगितलं, ताई झोपलीय, उद्या या. तो म्हणाला, लांबून आलोय, उठवा ना. मी म्हणाले, नाही उठवणार.